कानसेनांचे निःशब्द कॅबिनेट

जगात बिघाड दोनच ठिकाणी होतो, वस्तूंत आणि इतर माणसांत, अशी कानसेनांची श्रद्धा होती. या श्रद्धेला धक्का लागेल असे कोणी काही बोललेच, तर ते त्यांना नीट ऐकू येत नसे.

कानसेन हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेले नव्हते. चौकशी कार्यालयात लेखनिक म्हणून ते लागले, तेव्हा सहकाऱ्यांनी कौतुकाने बहाल केले होते. कुठे आग लागली, कुठे छत कोसळले, कुठे कामगार यंत्रात सापडला की या कार्यालयात चौकशी बसते. अधिकारी विचारतात, साक्षीदार सांगतात, सगळे ध्वनिमुद्रित होते आणि लेखनिक ते ऐकून शब्दशः उतरवतात. खात्याचा दंडक कडक आहे. जे ऐकू आले नाही त्याचा अंदाज बांधायचा नाही. चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ लिहून पुढे जायचे. आणि अखेरीस, सहीच्या वर, एक ठरलेले वाक्य: ‘वरील मजकूर मी स्वतःच्या कानांनी ऐकून लिहिला आहे.’ ऐन उमेदीत कानसेनांच्या लिखाणात ‘अस्पष्ट’ हा शब्द औषधालाही सापडत नसे. साहेबांच्या खोकल्याआड दडलेला शब्द, दाराच्या करकरीत बुडालेले नाव, सगळे ते अचूक टिपत. अंदाजाने त्यांनी आयुष्यात एक अक्षर लिहिले नाही, हेही खरे. असा कान लाभलेल्या माणसाला नम्रतेची गरज काय?

पुढे कार्यालयाने जागा कमी केली आणि लेखनिकांना काम घरी दिले. त्या दिवसापासून घराचे न्यायालय झाले. काम चालू असताना भांडे वाजता कामा नये, नळ सुटता कामा नये, हसू तर मुळीच येता कामा नये. पत्नी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि घरात आल्यावर चवड्यांवर चालायची. कॉलेजात शिकणारी मुलगी ओठ न हलवता पाठांतर करायला शिकली होती. गोंगाट कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार ही सत्तेची फार जुनी आणि फार दुर्लक्षित खूण आहे. तो ज्याच्या हाती असतो, त्याचा स्वतःचा आवाज गोंगाटात धरला जात नाही. “कोण कुजबुजतंय तिकडे?” हे वाक्य कानसेन अशा पट्टीत उच्चारत, की भिंतीपलीकडचे शेजारीही निमूट होत.

घरातले चौथे माणूस म्हणजे आप्पा, कानसेनांचे वडील. पत्रा ठोकण्याच्या कारखान्यात त्यांनी हयात घालवली होती. निरोपाच्या वेळी कारखान्याने त्यांना एक शाल दिली. बहिरेपण त्याआधीच, हप्त्याहप्त्याने, पोहोचते केले होते. सदऱ्याच्या खिशात काडेपेटीएवढे श्रवणयंत्र आणि तिथून कानात गेलेली वायर, असे ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. त्यांनी “काय म्हणालास?” असे विचारले की कानसेन सुस्कारा सोडत. “आप्पा, ऐकायची इच्छा असली की ऐकू येतं!”

तर अशा या घरात, गेल्या काही महिन्यांत, ‘अस्पष्ट’ हा शब्द चोरपावलांनी शिरला. आधी पानाआड एखादा, मग पानापानाला, मग ओळीओळीला. एके दिवशी मुख्य लेखनिक बाईंचा फोन आला.

“तुमच्या मागच्या प्रती परत पाठवल्यात. पाहिल्यात का?”

“पाहिल्या. ध्वनिमुद्रणच खराब होतं, बाई.”

“साहेबांचा शब्द न् शब्द आलाय. वकिलांचा आलाय. शिपायानं ‘पाणी ठेवू का’ विचारलं, तेसुद्धा आलंय. साक्षीला बाई उभी राहिली की तुमचं ‘अस्पष्ट’ सुरू होतं.”

“बायका तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करणार?”

“मीही बाईच आहे. माझं ऐकू येतंय ना?”

“काय म्हणालात?”

बाईंनी आवाज चढवला. “पुढचं प्रकरण कारखान्याच्या आगीचं आहे. मुख्य साक्ष तिथल्या झाडूवाल्या बाईंची. आवाज बारीक आहे, पण स्वच्छ आहे, मी स्वतः ऐकलाय. ती साक्ष पूर्ण उतरली नाही, तर यापुढे तुमच्याकडे काम पाठवता येणार नाही. राग मानू नका.”

कानसेनांनी राग मानला नाही. त्यांनी आरोपी शोधला. आणि तो तर मेजाखालीच बसला होता: त्यांचा जुना संगणक, पातळ पत्र्याचा, एका बाजूचे झाकण कधीच हरवलेला, रात्रंदिवस खडखडणारा.

“या खडखडाटात कुणाला ऐकू येईल?” ते जेवताना म्हणाले. “कॅबिनेट बदलायला हवं.”

“अहो, डबा बदला नाहीतर ठेवा,” पत्नी म्हणाली, “पण एकदा कान दाखवून या. आमच्याकडे दर बुधवारी कानाचे डॉक्टर येतात.”

“कान दाखवायला मी काय आप्पा आहे?”

आप्पांनी आपले नाव घेतलेले पाहिले. “काय म्हणतोय?” त्यांनी नातीला विचारले.

“काही नाही आप्पा, बाबांना नवीन डबा हवाय.”

“डब्याला काय, घे की,” आप्पा म्हणाले.

त्यानंतर कानसेनांनी कॅबिनेटचा जो अभ्यास केला, तसा एखाद्याने समाजाचा केला असता तर विद्यापीठाने त्याला पदवी दिली असती. कॅबिनेटच्या शास्त्रात एक मूलभूत पेच आहे, हे त्यांनी घरच्यांना अनेकवार समजावून सांगितले. समोरचा दरवाजा बंद आणि आतून फोमचे अस्तर असले, तर आवाज आत कोंडतो, पण उष्णताही कोंडते. समोर जाळी ठेवली, तर वारा खेळतो, पण आवाजही मोकाट सुटतो. म्हणून हवे ते प्रशस्त कॅबिनेट: आत वारा फिरायला जागा, वायरी मागच्या बाजूने नेण्याची सोय, धूळ अडवणाऱ्या जाळ्या काढून धुता येतील अशा.

“प्रत्येक भागाला मोकळा श्वास घेता आला पाहिजे,” ते म्हणाले.

“खरंय,” पत्नी म्हणाली. “आपण तिघंचौघं एका कपाटात कपडे कोंबतो. निदान त्या डब्याला तरी ऐसपैस मिळू दे.”

जागेचा प्रश्न निघालाच. असे कॅबिनेट मेजाखाली मावणार नव्हते; भिंतीपासून वीतभर सुटे, उन्हापासून दूर आणि वाऱ्याच्या वाटेवर हवे. घरात वाऱ्याची वाट एकच होती, आणि तिथे आप्पांची खुर्ची होती. कानसेनांनी या प्रश्नाचा कोणताही पूर्वग्रह न ठेवता विचार केला. यंत्र तापले तर मंदावते, आप्पा तापले तर फार तर झोपतात. तेव्हा आप्पांची खुर्ची बिनखिडकीच्या बोळकांडीत गेली आणि भरपाई म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन त्यांच्या पायाशी ठेवण्यात आला. आप्पांनी तक्रार केली नाही. तक्रार न करणाऱ्याला अडचण नसते, हा निष्कर्ष त्यांच्या मुलाच्या आधीही पुष्कळांनी काढलेला आहे.

मग कानसेन मुलीला बरोबर घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने एक काळेभोर, जाडजूड कॅबिनेट पुढे ओढले.

“हे घ्या साहेब. पुढं दोन मोठे पंखे, सावकाश फिरतात. वारा भरपूर, आवाज नावाला. आत जागा म्हणाल तर संसार मांडाल.”

कानसेनांनी डोळे मिटून कॅबिनेटला कान लावला. “घुमतंय.”

“इतकं तर घुमणारच. शेवटी वारा हलतोय.”

“ते पलीकडचं दाखवा.”

“ते नका घेऊ, साहेब. प्रशस्त आहे, गारही ठेवतं, पण पंखे लहान आणि सुसाट. शिट्टी घालतात. आम्ही ते दुकानात चालू ठेवत नाही, आमचीच माणसं वैतागतात.”

“चालू करा.”

दुकानदाराने बटण दाबले. गल्ल्यावरचा माणूस मान वळवून पाहू लागला आणि मुलीने दोन्ही कानांवर हात ठेवले. कानसेन तसेच, कॅबिनेटला कान लावून, देवघरातल्यासारखे उभे होते.

“केलंत का चालू?”

“केव्हाच, साहेब.”

“बघ!” ते मुलीकडे वळले. “याला म्हणतात मौन.”

“बाबा, अहो शिट्टी वाजतेय! कानात डास शिरल्यासारखी!”

“दुकानातल्या दिव्यांची असेल.”

दुकानदाराने दिव्यांकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, मग गिऱ्हाइकाकडे. खरे बोलण्याचे कर्तव्य त्याने एकदा पार पाडले होते. व्यापारात ते एका गिऱ्हाइकामागे एकदाच पार पाडता येते. “कान तुमचा, साहेब,” तो म्हणाला. “मी काय बोलणार?”

“तेच तर,” कानसेन म्हणाले. “उगाच नाही लोक नावाजत.”

घरी कॅबिनेटची स्थापना झाली, आतली जुनी यंत्रणा नव्या प्रशस्ततेत बसवण्यात आली आणि वाऱ्याच्या वाटेवर तो काळा खांब शिट्टी घालत उभा राहिला. पत्नी कामावरून आली ती उंबऱ्यातच थबकली.

“हे असंच वाजत राहणार?”

“काय वाजतंय?”

तिने मुलीकडे पाहिले. मुलीने खांदे उडवले. “मी दुकानातच सांगितलं, आई.”

“तुम्ही दोघींनी मनात घेतलंय ना, की मी काही घेतलं तर ते वाईटच,” कानसेन म्हणाले. “मग तुम्हाला ऐकू येणारच. पूर्वग्रहाला आवाज असतो.”

सांगून पाहिले, पुन्हा सांगून पाहिले, आणि मग पत्नीने दवाखान्यातून येताना कापसाची गुंडाळी आणली. मुलगी अभ्यासाला ग्रंथालयात जाऊ लागली. ‘घर कसं शांत झालंय बघा,’ असे कानसेन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि येणारे-जाणारे लवकर निघत.

आप्पांनीही बोळकांडीतून एकदा साक्ष दिली. “अरे, काहीतरी शिट्टी घालतंय.”

“तुमचं यंत्रच शिट्टी घालतंय, आप्पा. कानात नीट बसवा.”

हे उत्तर बिनतोड होते, कारण आप्पांचे यंत्र सैल बसले की खरोखर शिट्टी घाली. साक्षीदारच अपात्र ठरवला की साक्ष तपासण्याचे कष्ट वाचतात. ज्या कार्यालयांचे काम ऐकणे हेच असते, तिथे ही युक्ती विशेष भरभराटीला आलेली आहे.

आगीच्या प्रकरणाचे ध्वनिमुद्रण आले त्या सकाळी पत्नी कामावर आणि मुलगी कॉलेजात गेली होती. कानसेनांनी हेडफोन खुंटीला टांगले. खोलीच इतकी शांत असताना कानांना ते जू कशाला? त्यांनी स्पीकर लावले, आवाज शेवटपर्यंत चढवला आणि कामाला बसले.

“घटनेच्या वेळी आपण कुठे होता?” चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले. खणखणीत, घरातच उभे राहून विचारल्यासारखे. कानसेनांनी ते टाइप केले. त्यावर पडद्यामागे पतंग फडफडावा तसे काहीतरी झाले आणि थांबले. त्यांनी मागे नेऊन पुन्हा ऐकले. पुन्हा पतंग. “अस्पष्ट,” ते मोठ्याने म्हणाले. टाइप करताना तो शब्द मोठ्याने म्हणण्याची त्यांना सवय होती.

“मागच्या दाराबद्दल आपल्याला काय माहीत आहे?” “अस्पष्ट.” “आपण मदतीचा प्रयत्न केला का?” “अस्पष्ट.”

असे दुपारपर्यंत चालले. पानावर आता असे दिसत होते, की एक अत्यंत विद्वान अधिकारी एका पोकळीची उलटतपासणी घेत आहे. कॅबिनेट गार होते, खोली गार होती, खडखडाट नव्हता, दोष द्यायला आता घरात काही उरले नव्हते. हे पान गेले की काम जाणार, हे त्यांना कळत होते. काम गेले तर कानसेन हे नाव टवाळीपुरते उरणार, हेही. तरी त्यांनी अंदाजाने एक शब्द भरला नाही. ते सहीच्या वरच्या वाक्यापर्यंत आले: ‘वरील मजकूर मी स्वतःच्या...’

“अरे,” बोळकांडीतून आप्पांचा आवाज आला, “ती बाई एवढं सांगतेय, ते लिहीत का नाहीस?”

कानसेनांचे हात थांबले. ते उठून दारात गेले. “काय सांगतेय?”

“मागच्या दाराला बाहेरनं कडी होती म्हणते. आत पोरी होत्या. झाडूच्या दांड्यानं तिनं कडी पाडायला पाहिली, पडली नाही. दोनदा सांगितलं बिचारीनं. दोन्ही वेळा तू आपला ‘अस्पष्ट’.”

“तुम्हाला ऐकू आलं?”

“हे लावलंय ना,” आप्पांनी खिशावर बोट ठेवले. “ये, बस. मी सांगतो, तू लिही. कुणाला कळतंय?”

कोणालाच कळले नसते. आप्पा सांगतील, मुलगा लिहील, पान भरेल, मुख्य लेखनिक बाई खूश होतील. कानसेन तिथेच उभे राहिले. जगातल्या पुष्कळ गोष्टी त्यांनी ऐकल्या नव्हत्या, पण न ऐकलेले ऐकले म्हणून लिहिणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. इतक्या वर्षांच्या अहंकारात एवढी एक गोष्ट मात्र शाबूत राहिली होती.

“द्या बरं ते जरा,” ते शेवटी म्हणाले.

आप्पांनी वायरीच्या टोकाचे कानातले बोंड काढले, सदऱ्याच्या टोकाला पुसले आणि पेटी त्यांच्या हातावर ठेवली. “सांभाळून. पहिल्यांदा सगळं जग अंगावर येतं.”

ते आले. स्वतःचा श्वास आला, टेबलफॅनची कुरकुर आली, मोरीतला थेंब आला, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर नाचत एक तीक्ष्ण, अखंड, अमानुष शिट्टी आली.

“शिट्टी घालतंय हे तुमचं!” कानसेन म्हणाले आणि त्यांनी ते बोंड कानात घट्ट दाबले. शिट्टी वाढली. ते खोलीत गेले. शिट्टी मोठी झाली. त्यांनी संगणक बंद केला. शिट्टी मेली. चालू केला, जिवंत झाली. शास्त्रीय वृत्तीच्या माणसाने करावा तसा हा प्रयोग त्यांनी पुन्हा केला, आणि मग निष्कर्ष जाहीर केला.

“कॅबिनेट सदोष निघालं!”

“काय?” आप्पा म्हणाले.

“कॅबिनेट! सदोष!”

“मोठ्यानं बोल रे. ते तुझ्याकडे आहे.”

ऐकायची इच्छा असली की ऐकू येतं, हे वाक्य कानसेनांच्या ओठांपर्यंत आले असावे. ते तिथून परत गेले. कानसेन त्या काळ्या खांबाकडे वळले. दुकानात मुलीने कानांवर ठेवलेले हात, उंबऱ्यात थबकलेली पत्नी, कापूस, लवकर निघणारे पाहुणे, सगळे साक्षीदार एकापाठोपाठ येऊन उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या जबानीपुढे त्यांनी स्वतः लिहिलेला तो एकच शब्द होता.

आता अडचण अशी की बोळकांडीच्या भिंतीआड आप्पांना ऐकू आले होते, पण इथे शिट्टीच्या तोंडाशी श्रवणयंत्र लावले तर साक्षीदार बाई शिट्टीखाली बुडत होत्या आणि काढले तर मुळातच नव्हत्या. कानसेनांनी स्क्रूड्रायव्हर आणला, प्रशस्त कॅबिनेटचे जाड, अस्तर लावलेले झाकण काढून भिंतीला टेकवले आणि आतल्या सुसाट पंख्यांच्या वायरी एकेक उपटल्या. प्रोसेसरवरचा जुना पंखा तेवढा आपल्या वयाला साजेसा फिरत राहिला. पण तेवढ्यावर यंत्र तापणार. बाहेरून वारा हवा. वारा देणारी वस्तू आप्पांच्या पायाशी होती, आणि ती न्यायची तर त्या कोंडलेल्या बोळकांडीत आप्पांना ठेवता येत नव्हते. म्हणून त्यांनी आधी आप्पांना हाताला धरून उठवले, खुर्ची खिडकीपाशी आणली, कॅबिनेट तिच्या शेजारी सरकवले आणि टेबलफॅन असा ठेवला की तो वडील आणि संगणक दोघांनाही सारखाच लागावा. अनेक महिन्यांच्या संशोधनाअंती मिळालेली ही शीतकरणाची व्यवस्था होती.

मग ते ऐकायला बसले.

बाईंचा आवाज बारीक होता, पण त्यात कुठेही तोंडातल्या तोंडात बोलणे नव्हते. आपले म्हणणे समजत नाही म्हणून आयुष्यभर ओरडा खाल्लेल्या माणसासारख्या त्या एकेक शब्द सुटा करून, पुसून, ठेवत होत्या. दार. बाहेरून कडी. आत पोरी. झाडूचा दांडा, जो मोडला. आणि मध्येच एका ठिकाणी, कानसेनांनी जिथे सकाळी चौकटी कंस घातला होता तिथे, त्या थांबून विचारत होत्या, “साहेब, ऐकू येतंय ना?”

“येतंय, बोला,” अधिकारी म्हणाले होते.

हे उत्तर तेवढे सकाळीच टाइप झालेले होते.

कानसेनांनी सगळे कंस काढले. शेवटच्या वाक्याशी मात्र ते पुन्हा अडले. ‘वरील मजकूर मी स्वतःच्या कानांनी ऐकून लिहिला आहे.’ त्यांनी वाक्य पुसले, पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. अखेरीस ‘ऐकून’ या शब्दाआधी त्यांनी ‘वडिलांच्या श्रवणयंत्राच्या साहाय्याने’ असे घातले. खात्याच्या नियमांत अशा सहीला जागा आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. नसेल तर साक्ष पूर्ण उतरूनही काम जाणार होते. त्यांनी सही केली आणि प्रत पाठवून दिली.

पत्नी आली तेव्हा उंबऱ्यात थबकली. तिने हळूच कानातला कापूस काढला. उघडे पडलेले कॅबिनेट, भिंतीला टेकवलेले झाकण, खिडकीशी सासरे, आणि नवऱ्याच्या खिशातून कानापर्यंत गेलेली वायर, हे सगळे तिने पाहिले. मग आपल्या नेहमीच्या, चवड्यांवर चालणाऱ्या आवाजात तिने विचारले, “चहा टाकू?”

“टाक,” कानसेन वळूनही न पाहता म्हणाले. “आणि इतकं ओरडू नकोस.”

“बुधवारी तुमचं नाव घालते,” ती म्हणाली.

यावर कानसेनांना ‘काय म्हणालीस?’ असे विचारता आले असते. त्यांनी विचारले नाही.

खिडकीजवळ आप्पा पंख्याकडे तोंड करून, दोन्ही हात रिकाम्या खिशावर ठेवून बसले होते. “बरं झालं बंद केलंस ते,” ते म्हणाले. “घर कसं शांत वाटतंय!”